केळफाची जादू : दादासाहेब फाळके

जपानी चलच्चित्रांतले रेखाटलेले वीर आणि हॉलीवूडचे अतिमानवी नायक, यांत कोणी कोणाचे उचलले, हा वाद हल्ली आमच्या पेण-रोह्याच्या मुलांतही रंगतो. ‘द मॅट्रिक्स’ (१९९९) वर ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५) या जपानी चित्राची छाप आहे, हे त्याच्या दिग्दर्शकांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. उलट जपानचे ओसामू तेझुका स्वतः डिस्नेचे भक्त. या उसनवारीचा मराठी अध्याय मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका शास्त्र्यांच्या घरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. छायाचित्रण केले, नाटकांचे पडदे रंगविले आणि हातचलाखीही शिकून घेतली. आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. पुढील सारे आयुष्य या केळफाचेच आहे, असे मला वाटते. नंतर ते छपाईच्या धंद्यात शिरले, १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीत ते रिकाम्या हाताने घरी बसले.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा विलायती मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता, फाळक्यांना दिसत होते राम आणि कृष्ण. मग चित्रपट पाहण्याचा असा ध्यास लागला की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दृष्टीच गेली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून एका रोपाची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनी ती पडद्यावर क्षणात घडवून दाखविली. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, कोऱ्या फिल्मला भोके पाडली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. या बाईंचे ऋण आपण फार कमी मानतो. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

१९१७ च्या ‘लंकादहना’त हनुमंत आकाशातून उडाला. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा चालू करायचा. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचे, अशा या युक्त्या. महायुद्धाच्या काळात ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्या किंचित सरकवीत, एकेक चित्र घेत, त्या निर्जीव काड्यांना नाचविले. आजच्या जपानी चलच्चित्राचे मूळ सूत्र याहून निराळे नाही.

मग हे सारे उसनेच म्हणायचे का? पॅरिसचे झॉर्झ मेलिएस, तेही जादूगारच, या युक्त्या फाळक्यांच्या कितीतरी आधी करीत होते. पण पेण-हमरापूरच्या कारखान्यांत हिंडलेल्यांना ठाऊक आहे की एकाच साच्यातून शंभर गणपती निघतात. मूर्ती जिवंत होते ती डोळ्यांच्या आखणीने, आणि आखणी करणाऱ्याचा हात साच्याबरोबर मिळत नाही. यंत्र व तंत्र फाळक्यांनी परक्यांकडून घेतले. उडणारा वीर मात्र त्यांना आणावा लागला नाही. तो कीर्तनातून आणि आजीच्या गोष्टींतून घरीच आलेला होता.

पुढची हकीकत सुखाची नाही. बोलपट आला आणि केळफाची मूक जादू मागे पडली. ‘सेतुबंधना’ला मागाहून आवाज जोडावा लागला, कोल्हापुरात केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि शेवटचा चित्रपटही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये.

‘लंकादहना’चे आज तुकडेच उरले आहेत. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र बराचसा टिकला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. आरंभी फाळक्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी नुसती कॅमेऱ्यापुढे बसून तोंडावरचे भाव बदलून दाखविते. मग तीच कृष्ण होते आणि डोहात उडी घेते.