मेरी नाइस्वाँडर

मेरी नाइस्वाँडर (१३ मार्च, १९१९, रीनो, नेव्हाडा, अमेरिका – २० एप्रिल, १९८६, न्यू यॉर्क) या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व मनोविश्लेषक होत्या. हेरॉइनच्या व्यसनावरील मेथाडोन उपचारपद्धती त्यांनी व्हिन्सेंट डोल यांच्यासह १९६४ पासून न्यू यॉर्कमध्ये विकसित केली. या पद्धतीत रुग्ण घरी राहून, कामधंदा किंवा शिक्षण चालू ठेवून दररोज बाह्यरुग्ण केंद्रात औषध घेतो. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानावे, ही भूमिका अमेरिकेत कायदा तिच्या विरोधात असताना त्यांनी मांडली.

बालपण व शिक्षण

नाइस्वाँडर यांचे वडील गणिताचे प्राध्यापक होते. आई डोरोथी नाइस्वाँडर आरोग्यशिक्षणाच्या क्षेत्रात पुढे नामवंत झाल्या. आईवडील विभक्त झाल्यामुळे मेरी यांचे बालपण मुख्यतः आईच्या सहवासात गेले. सारा लॉरेन्स महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९४४ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवली. त्यांना शल्यविशारद व्हायचे होते व त्यासाठी नौदलात जाण्याचा त्यांचा विचार होता. परंतु स्त्रियांना शल्यचिकित्सक म्हणून पाठवण्यास नौदल तयार नव्हते. त्यामुळे त्या सार्वजनिक आरोग्य सेवेत दाखल झाल्या आणि त्यांची नेमणूक केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे झाली. व्यसनाच्या विषयाकडे त्या वळल्या त्या अशा काहीशा अपघातानेच.

लेक्सिंग्टनचा अनुभव

लेक्सिंग्टन येथील संघराज्य सरकारचे रुग्णालय १९३५ मध्ये सुरू झाले होते. शेती व गोठा असलेली ही संस्था अर्धी रुग्णालय व अर्धी तुरुंग होती. शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने आलेले व्यसनी तेथे एकत्र ठेवले जात. अफूजन्य पदार्थ बंद केल्यावर होणारा त्रास, ज्याला मराठी बोलीत ‘टर्की’ म्हणतात, तो ओसरला की रुग्णाला काही महिने कामात गुंतवून घरी पाठवत. बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक थोड्याच काळात पुन्हा व्यसनाकडे वळत. रुग्णांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, मिळणारी तुच्छतेची वागणूक पाहून नाइस्वाँडर व्यथित झाल्या. तेथून परतताना या विषयापासून दूरच राहायचे, असे त्यांच्या मनात होते.

न्यू यॉर्कमध्ये त्यांनी मनोविकारशास्त्राचे व मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेतले आणि स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. व्यसनी रुग्ण स्वीकारणारे डॉक्टर त्या काळी फारच थोडे होते. त्यामुळे असे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले आणि त्यांनी त्यांना नाकारले नाही.

कायदेशीर पार्श्वभूमी

या निर्णयातील धोका समजण्यासाठी तत्कालीन कायदा पाहणे आवश्यक आहे. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफू व कोकेनच्या व्यवहारावर नियंत्रण आणले. केवळ व्यसन चालू ठेवण्यासाठी अफूजन्य औषध लिहून देणे हा वैद्यकीय व्यवसायाचा भाग ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये दिला. त्यानंतर अनेक शहरांतील व्यसनी रुग्णांची सार्वजनिक चिकित्सालये बंद करण्यात आली. डॉक्टरांवर खटले भरले गेले आणि वैद्यकीय व्यवसायाने या रुग्णांकडे जवळजवळ पाठ फिरवली. १९५१ व १९५६ च्या कायद्यांनी शिक्षा आणखी कडक केल्या.

१९५६ मध्येच नाइस्वाँडर यांचा ‘द ड्रग अ‍ॅडिक्ट अ‍ॅज अ पेशंट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्यसनी हा रुग्ण आहे, हे त्याच्या शीर्षकातच सांगितले होते. उपचार म्हणून मात्र त्या वेळी त्यांची भिस्त मानसोपचारावर होती. जॅझ संगीतकारांसाठीच्या एका चिकित्सालयात त्यांनी काम केले. पुढे पूर्व हार्लेम या गरीब वस्तीत रस्त्यालगतच्या एका दुकानवजा जागेत त्या रुग्ण तपासू लागल्या. एखाद्या संगीतकाराला लागू पडणारे मनोविश्लेषण रोजच्या हेरॉइनसाठी वणवण करणाऱ्या माणसाच्या फारसे उपयोगी पडत नाही, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. स्वतःच्या शिक्षणाविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी स्वीकारला, आणि पुढील सर्व कार्य त्यावरच उभे राहिले.

मेथाडोन उपचाराचा शोध

व्हिन्सेंट डोल हे रॉकफेलर संस्थेत चयापचयाचे संशोधक होते व त्यांनी स्थूलतेवर काम केले होते. वजन घटवलेली माणसे पुन्हा पूर्वीच्या वजनावर येतात, त्यामागे दुर्बल इच्छाशक्तीपेक्षा शरीरातील बदल असावेत, असा त्यांचा विचार होता. हेरॉइन सोडलेल्यांबाबतही तसेच घडत असेल काय, हा प्रश्न त्यांना पडला. नाइस्वाँडर यांचा ग्रंथ वाचून त्यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. १९६४ च्या आरंभी नाइस्वाँडर रॉकफेलर संस्थेत रुजू झाल्या. तरुण डॉक्टर मेरी जीन क्रीक याही या गटात होत्या.

पहिल्या प्रयोगात मोजक्या रुग्णांना रुग्णालयात ठेवून मॉर्फीन देण्यात आले. मात्रा वाढतच गेली. दिवसातून अनेकदा इंजेक्शन घेऊनही रुग्ण गुंगीत असत किंवा पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत बसत. प्रयोग फसला, असे मानून त्यांना मॉर्फीनवरून उतरवण्यासाठी मेथाडोन सुरू करण्यात आले. हे औषध जर्मनीत १९३० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले होते आणि लेक्सिंग्टनला व्यसन सोडवताना थोड्या दिवसांसाठी वापरले जाई. मॉर्फीनची मात्रा मोठी असल्याने मेथाडोनचीही मोठी मात्रा द्यावी लागली आणि चाचण्यांसाठी ती काही काळ तशीच ठेवली गेली. त्या काळात रुग्णांमध्ये बदल दिसू लागला. एक जण चित्रे काढू लागला. दुसऱ्याने अपुरे शिक्षण पुढे चालू करण्याची इच्छा व्यक्त केली. औषधाविषयीचे त्यांचे बोलणे थांबले होते. ज्या मात्रेकडे केवळ एक टप्पा म्हणून पाहिले जात होते, तोच उपचार ठरला.

याचे कारण औषधाच्या गुणधर्मात आहे. हेरॉइनचा परिणाम काही तासांतच ओसरतो. त्यामुळे व्यसनी माणसाचा दिवस नशा आणि त्रास यांच्या हिंदोळ्यावर जातो. मेथाडोन तोंडाने घेता येते आणि त्याचा परिणाम सुमारे २४ तास टिकतो. मात्रा स्थिर झाल्यावर रुग्णाला नशा चढत नाही व तलफही येत नाही. शिवाय पुरेशी मात्रा घेणाऱ्याने वरून हेरॉइन घेतले तरी त्याचा नेहमीचा परिणाम जाणवत नाही.

डोल व नाइस्वाँडर यांनी २२ रुग्णांवरील निष्कर्ष १९६५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्या योजनेत सुरुवातीचे सुमारे सहा आठवडे रुग्णालयात मात्रा बसवली जाई. त्यानंतर रुग्ण रोज बाह्यरुग्ण म्हणून येऊन फळांच्या रसात मिसळलेले औषध तेथेच पिई. नोकरी, घर आणि कायदेविषयक अडचणी यांबाबत मदत हाही उपचाराचा भाग होता. अंमली पदार्थ नियंत्रण खात्याच्या अधिकाऱ्यांनी हे काम बेकायदेशीर असल्याचे बजावले, पण खटला भरला गेला नाही. त्याच वर्षी नाइस्वाँडर व डोल यांचा विवाह झाला. नाइस्वाँडर यांचा हा तिसरा विवाह होता.

विस्तार आणि टीका

न्यू यॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयाने हा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला. निक्सन सरकारने १९७१ नंतर देशभर मेथाडोन केंद्रांना पाठबळ दिले आणि रुग्णांची संख्या हजारोंवर गेली. विरोधही तितकाच तीव्र होता. एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन दिले जाते, हा मुख्य आक्षेप होता. काही कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना हा आपल्या वस्त्यांवर ताबा ठेवण्याचा सरकारी डाव वाटला. हे आक्षेप निराधार म्हणून सोडून देता येत नाहीत. मेथाडोनवर शरीर अवलंबून राहते, ते एकदम बंद केल्यास त्रास होतो आणि सवय नसलेल्या व्यक्तीने घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. मधुमेही रुग्ण जसा इन्शुलिनवर जगतो तसा हा रुग्ण मेथाडोनवर जगतो, अशी समर्थकांची मांडणी होती.

नाइस्वाँडर यांची स्वतःची नाराजी वेगळ्याच गोष्टीवर होती. १९७० च्या दशकातील सरकारी नियमांमुळे अनेक केंद्रांत मात्रा अपुरी दिली जाऊ लागली, रुग्णांवर पाळत ठेवली जाऊ लागली आणि समुपदेशन नावापुरते उरले. १९७६ मध्ये डोल यांच्यासह लिहिलेल्या आढावालेखात त्यांनी या घसरणीवर टीका केली. लेक्सिंग्टनमध्ये त्यांना खटकलेली वृत्ती आता त्यांच्याच उपचाराच्या नावाखाली परतली होती.

मृत्यू व नंतरचा काळ

नाइस्वाँडर यांचे १९८६ मध्ये कर्करोगाने निधन झाले. डोल यांना १९८८ मध्ये या कार्यासाठी लास्कर पुरस्कार देण्यात आला. या क्षेत्रातील कार्यकर्त्यांना अमेरिकेत नाइस्वाँडर-डोल पुरस्कार दिला जातो. एड्सच्या साथीत सुईतून होणारा संसर्ग रोखण्यासाठी या उपचाराचे महत्त्व वाढले, आणि २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन व ब्यूप्रेनॉर्फिन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुईने अंमली पदार्थ घेणाऱ्यांना याच तत्त्वावर बाह्यरुग्ण केंद्रांतून, मुख्यतः ब्यूप्रेनॉर्फिन, दिले जाते.