रेकॉर्ड ऐकून गाणं शिकलेली ऑटिली

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ कॉम्बर नावाचं गाव आहे. ऑटिली पॅटरसन तिथे १९३२ साली जन्मली. तिची आई लॅटव्हिया देशातली. म्हणजे तिचं घरही तुमच्या घरासारखंच, दोन देशांचं!

चित्रकला शिकायला ती बेलफास्टच्या कॉलेजात गेली. तिथे एका मुलाने तिला बेसी स्मिथच्या रेकॉर्ड ऐकवल्या. बेसी अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका. ती ब्लूज, म्हणजे दुःखाची गाणी गायची. जॅझ संगीत त्यातूनच वाढलं. ती १९३७ मध्येच अपघातात गेली होती, पण रेकॉर्डमध्ये तिचा आवाज होता ना! तो ऐकून ऑटिली गायला शिकली. एकलव्याकडे निदान गुरूचा पुतळा होता, हिच्याकडे नुसता आवाज.

आधी ती चित्रकलेची शिक्षिका झाली. मग जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये क्रिस बार्बरच्या बँडबरोबर गायली. ती अजून तेवीस वर्षांचीही नव्हती. ऐकणारे थक्क झाले. पुढे शिकागोला जाऊन ती मडी वॉटर्सबरोबरही गायली. बेसीची गाणी बेसीच्याच देशात!

पण १९६०नंतर तिचा घसा बिघडला. गळाच साथ देईना, तर गायिकेने काय करायचं? हळूहळू तिचं गाणं जवळजवळ थांबलं. २०११ साली ती गेली.

तिच्या रेकॉर्ड मात्र आहेत. 'सेंट लुईस ब्लूज' बेसीने १९२५ मध्ये गायलं, ऑटिलीने १९५५ मध्ये. आईबाबांना दोन्ही लावायला सांगा आणि डोळे मिटून ओळखा, कोणता आवाज कोणाचा?