पंडिता रमाबाई व अमेरिकेचा अभ्यास

पंडिता रमाबाई यांचें नांव आपल्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु अमेरिकेंतील लोकस्थितीचा त्यांनीं केलेला अभ्यास थोड्यांसच माहीत असेल.

बाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्या मातेनें मुलीस. पुढें दुष्काळांत आईबाप वारलीं. १८८२ सालीं पति निवर्तले; पदरीं तान्ही मुलगी होती. १८८३ सालीं इंग्लंडांत बाईंचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानाकरितां बाई फिलाडेल्फियास गेल्या, आणि सुमारें पावणेतीन वर्षें अमेरिकेंत राहिल्या. शाळा, दवाखाने, स्त्रियांच्या सभा त्यांनीं डोळसपणें पाहिल्या, त्या देशाचा इतिहास वाचला, आणि १८८९ सालीं युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति व आपलें प्रवासवृत्त मराठींत प्रसिद्ध केलें.

त्या पुस्तकांत नुसती स्तुति नाहीं. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली, तरी काळ्या लोकांविषयींचा तिरस्कार गेला नव्हता, आणि मूळच्या रहिवाशांवर मोठा अन्याय झाला होता, हें बाईंनीं लपविलें नाहीं. तथापि थोड्याच काळापूर्वीं ज्यांस महाविद्यालयांत प्रवेश नव्हता, त्या स्त्रिया मंडळ्या स्थापून, वर्गणी जमवून शिक्षण व दारूबंदी यांसाठीं झटत होत्या. स्त्रियांची हीन स्थिति कायमची नव्हे, ती एकजुटीनें पालटतां येते, हें बाईंनीं तेथें प्रत्यक्ष पाहिलें.

बोस्टन येथें १८८७ सालीं त्यांच्या साह्यार्थ मंडळी स्थापन झाली. तिच्या मदतीनें बाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन उघडलें.

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत बाई मध्य प्रांतांत आल्या. आपलें काटोल त्या वेळीं याच प्रांतांत होतें. दुष्काळानें पोरकें होणें काय असतें, हें त्यांस स्वानुभवानें ठाऊक होतें. पुष्कळ निराधार मुलींस त्यांनीं आपल्याबरोबर नेलें, आणि केडगांव येथें मुक्तिसदन वाढीस लागलें. तेथेंच ५ एप्रिल १९२२ रोजीं बाईंचें देहावसान झालें. त्यांचें कार्य आजही तेथें चालू आहे.

वाचकहो, दूरदेशीं पाहिलेलें बाईंनीं पुस्तकांतच ठेविलें नाहीं. आपल्या गांवांत एखादी विधवा दाराबाहेर उभी असेल, तर चार घरांनीं मिळून तिच्यासाठीं काय करतां येईल, याचा विचार आपणही करावा.