शाळेत ज्याला खुळा ठरवलं, त्याचं ‘भूत’ शास्त्रज्ञांच्या मानगुटीवर शंभर वर्षं बसलं

जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे नाव आपल्याला बारावीच्या फिजिक्समध्ये भेटतं, ते वीज-चुंबकाच्या समीकरणांपुरतं. पण या गड्याने एक भूतही जन्माला घातलं होतं.

मॅक्सवेलचा जन्म १३ जून १८३१ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा. आठव्या वर्षी आई गेली. पुढे शाळेत त्याची गावाकडची बोली आणि घरी बेतलेले कपडे बघून पोरांनी त्याला खुळा ठरवलं. चौदाव्या वर्षी याच खुळ्याचा गणितावरचा निबंध एडिनबराच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला.

१८६० मध्ये अ‍ॅबर्डीनमधली दोन कॉलेजं एकत्र झाली आणि प्राध्यापक मॅक्सवेलची नोकरी गेली. मग लंडनला पाच वर्षं शिकवून तो ग्लेनलेअरच्या घरी परतला.

डिसेंबर १८६७ मध्ये शाळेतला दोस्त पीटर टेटला लिहिलेल्या पत्रात त्याने एक कल्पना मांडली. हवेने भरलेली पेटी, मध्ये भिंत, भिंतीत इवलंसं दार आणि दारावर रखवालदार. वेगवान रेणू तो एका बाजूला सोडतो, संथ रेणू दुसऱ्या बाजूला. म्हणजे काही कष्ट न घेता एक बाजू तापणार, दुसरी गार होणार! उष्णता आपोआप गारकडून गरमकडे जात नाही, या नियमालाच धक्का. पुढे विल्यम थॉमसनने या रखवालदाराला ‘भूत’ म्हटलं.

१८६८ मध्ये मॅक्सवेलने वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचं गणित मांडलं. कंट्रोल थिअरीची सुरुवात इथून मानतात.

आता गंमत बघा. गव्हर्नर आणि भूत दोघांचं काम एकच : नजर ठेवायची आणि त्याप्रमाणे दार उघडझाप करायची. मग भुताचं चुकतं कुठे?

१९२९ मध्ये लिओ झिलार्डने दाखवलं, की रेणूंच्या जगात माहितीलाही किंमत असते. १९६१ मध्ये रॉल्फ लँडॉरने सांगितलं, की साठवलेली माहिती पुसताना थोडी का होईना, उष्णता बाहेर पडतेच. भुताला आपली पाटी कधीतरी पुसावी लागतेच, आणि तिथे सगळा हिशेब चुकता होतो. नियम शाबूत!

२०१० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी प्लॅस्टिकच्या सूक्ष्म मण्यांवर नजर ठेवून, फक्त माहितीच्या जोरावर त्यांना ऊर्जेच्या चढावर नेऊन दाखवलं.

हे बघायला मॅक्सवेल नव्हता. ५ नोव्हेंबर १८७९ ला केंब्रिजमध्ये, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, पोटाच्या कॅन्सरने तो गेला. त्याची आईही त्याच रोगाने गेली होती.

भूत मात्र अजून कामावर आहे.