विसरण्याचा हिशेब ठेवणारा प्राध्यापक

रात्री दोन वाजेपर्यंत घोकलेलं सकाळी पेपरात आठवलं नाही, असं तुमचंही झालं असेलच. आमच्या रिसोडच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी मुलं हल्ली वहीसोबत मोबाइलवर फ्लॅशकार्डही चाळतात. समोर प्रश्न, मागे उत्तर. कार्ड उलटलं की खाली चार बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड, इझी. तुम्ही काय दाबता, त्यावर ते कार्ड पुन्हा कधी समोर येणार हे ठरतं. खरं सांगते, उत्तर अर्धवट आठवलेलं असतानाही मी कितीदा तरी इझी दाबलंय. कोण बघतंय? पण हा सगळा खेळ ज्याच्या कामावर उभा आहे, त्या माणसानं स्वतःला अशी एकही सूट दिली नव्हती.

त्याचं नाव हर्मान एबिंगहाउस. जन्म २४ जानेवारी १८५०, जर्मनीतल्या बार्मेन गावातल्या व्यापारी घरात. सतराव्या वर्षी तो बॉन विद्यापीठात गेला. १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा शिक्षण थांबवून सैन्यात भरती झाला. परत येऊन १८७३ मध्ये तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली. पुढची काही वर्षं इंग्लंड-फ्रान्समध्ये शिकवण्या करून काढली. त्याच काळात जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला फेख्नर या शास्त्रज्ञाचं पुस्तक सापडलं. माणसाच्या संवेदना मोजता येतात, असं त्यात मांडलं होतं. मग आठवण का नाही मोजता येणार, हा प्रश्न एबिंगहाउसच्या डोक्यात बसला.

त्याच्याकडे ना प्रयोगशाळा होती, ना प्रयोगाला बसायला माणसं. म्हणून परीक्षार्थी तोच आणि परीक्षकही तोच! ओळखीचा शब्द लवकर पाठ होतो, म्हणून त्यानं काहीच अर्थ नसलेली सुमारे २३०० अक्षरजोडणी तयार केली. आपल्याकडे ‘झुप’, ‘कोफ’ म्हणावं, तशी. घड्याळाच्या ठोक्यावर ती एका लयीत वाचायची आणि यादी न अडखळता म्हणता आली तरच पाठ झाली म्हणायचं. नंतर ठरलेला वेळ जाऊ द्यायचा, तीच यादी पुन्हा पाठ करायची आणि या वेळी किती मेहनत वाचली ते लिहून ठेवायचं. १८७९-८० मध्ये त्यानं हे केलं. १८८३-८४ मध्ये सगळं पुन्हा केलं. १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरचं त्याचं पुस्तक आलं.

आता आकडे बघा. वीस मिनिटांनी यादी पुन्हा पाठ करताना ५८ टक्के मेहनत वाचत होती. तासाभरानं ४४ टक्के, एका दिवसानं ३४. पण ३१ दिवसांनीसुद्धा २१ टक्के वाचतच होती! म्हणजे विसरणं सुरुवातीला धो धो होतं, मग मंदावतं आणि पाटी कधी पूर्ण कोरी होत नाही. दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची. बारा अक्षरांची यादी एका दमात ६८ वेळा म्हणून दुसऱ्या दिवशी जेवढा फायदा झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागून फक्त ३८ वेळा म्हणून झाला.

एवढं करूनही बर्लिन विद्यापीठात १८९४ मध्ये मोठं पद दुसऱ्याला मिळालं आणि त्याला ब्रेस्लाउला जावं लागलं. तो तिथंही थांबला नाही. शाळेतली मुलं दिवसभरात किती थकतात, हे तपासायला त्यानं वाक्यातले गाळलेले शब्द भरायची चाचणी बनवली. पुढे तो हाले विद्यापीठात गेला आणि २६ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूमोनियानं वारला. वय अवघं ५९.

ॲप्स खूप नंतर आली. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइट्नर या लेखकानं कार्डांचे खोके मांडले. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. १९८७ मध्ये पोलंडच्या प्योत्र वोझ्न्याकनं हे काम संगणकावर आणलं. उत्तराला स्वतःच ० ते ५ गुण द्यायचे. पहिली उजळणी एका दिवसानं, दुसरी सहा दिवसांनी, पुढचं अंतर साधारण अडीच पटीनं वाढत पंधरा, मग अडतीस दिवस. तीनपेक्षा कमी गुण मिळाले की पुन्हा एक दिवसापासून सुरुवात. अँकीची सुरुवात याच सूत्रावर झाली.

आता माझ्या त्या इझीकडे या. ॲपला तुमच्या डोक्यात काय आहे ते दिसत नाही, तुम्ही दिलेले गुण तेवढे दिसतात. खोटं इझी दाबलं की कार्ड लांब जातं आणि परत येतं तेव्हा बरंचसं विसरून झालेलं असतं. अगेन दाबायला लाज वाटते, कबूल. पण पाटी पूर्ण कोरी होत नाही हे एबिंगहाउसनं मोजून दाखवलंय. दुसऱ्यांदा पाठ करताना मेहनत कमीच लागणार. म्हणून आज अभ्यासिकेत बसाल तेव्हा अडखळलात की सरळ अगेन दाबा. मीही तेच करणार आहे.