शाप मागणारं स्तोत्र आणि पंडिता रमाबाई

आजचं वाचन: स्तोत्र १०९, लूक १८:१-८

शनिवार पेठेतल्या आमच्या छोट्या प्रार्थनासभेत स्तोत्र १०९ वाचलं, आणि सगळे गप्प झाले. वैऱ्याची मुलं अनाथ होवोत, त्याची बायको विधवा होवो, अशी मागणी चक्क पवित्र शास्त्रात! वैऱ्यावर प्रीती करा असं शिकवणाऱ्या प्रभूच्या लोकांनी हे कसं म्हणायचं?

मित्रांनो, याच पुण्यात राहिलेल्या एका बाईंचं आयुष्य या स्तोत्राशेजारी ठेवून पाहू या.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. म्हणजे स्तोत्रात वैऱ्यासाठी मागितलेलं दुःख रमाबाईंच्या स्वतःच्या घरात आलं होतं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, आणि ते लवकरच पुण्यात आणलं. १८९३ मध्ये इथे मोठं वादळ उठलं. मुली ख्रिस्ती होतील या भीतीने पालकांनी त्यांना घरी नेलं, सल्लागार बाजूला झाले, वर्तमानपत्रांतून टीका झाली.

रमाबाईंनी सूड घेतला नाही. पण त्या गप्पही बसल्या नाहीत. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे होणारे हाल त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघडपणे मांडले. त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या, आणि केडगावला त्यांचं घर उभं राहिलं: मुक्ती.

तिथेच त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं ठरवलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये प्रभूकडे जाईपर्यंत तेच काम चालू होतं. विचार करा, स्वतः विधवा, शेकडो अनाथांची आई, आणि स्तोत्र १०९ सुद्धा त्यांना मराठीत लिहायचं होतं!

आता सोळावं वचन नीट वाचा. हा वैरी कोण? दीनदुबळ्यांना मरेपर्यंत छळणारा. हे स्तोत्र चिरडलेल्या माणसाचा आक्रोश आहे. तो भयंकर बोलतो, पण ते देवासमोर बोलतो. तलवार स्वतः उचलत नाही. निकाल देवाच्या हातात देतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलही हेच शिकवतो. लूकमधली विधवासुद्धा न्यायाधीशाचं दार सोडत नाही, आणि प्रभू तिलाच प्रार्थनेचा नमुना म्हणून दाखवतो. मात्र तोच प्रभू वधस्तंभावर मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. म्हणून आपण न्याय मागायचा, आणि वैऱ्याचं मन बदलावं हेही मागायचं.

ऑफिसातल्या कुरबुरीसाठी किंवा ब्रेकअपनंतरच्या रागासाठी हे स्तोत्र वापरू नका. पण ज्याच्यावर खरोखर अन्याय झालाय, त्याला लगेच "क्षमा कर" म्हणून गप्पही करू नका. आधी त्याच्याबरोबर बसून हे स्तोत्र वाचा.

प्रार्थना: प्रभू, माझा राग मी तुझ्यासमोर ठेवतो. न्याय तू कर. माझे हात मात्र कुणाला तरी आसरा देण्यासाठी वापर. आमेन.