दोन उभ्या रेघा

कार्ल वायरश्ट्रास यांचा जन्म १८१५ चा, जर्मनीतला. वडिलांच्या आग्रहाखातर ते बॉनला कायदा व अर्थकारण शिकायला गेले आणि चार वर्षे तलवारबाजीत घालवून पदवीविना परतले. वाणिज्य शाखेच्या मला हे वाचून जरा बरेच वाटले! १८४१ च्या एका निबंधात त्यांनी केवलमूल्यासाठी दोन उभ्या रेघा वापरल्या. केवलमूल्य म्हणजे शून्यापासूनचे अंतर. खतावणीत ५०० नफा असो वा ५०० तोटा, रेघा मारल्या की दोन्ही ५००च. पुढे कित्येक वर्षे शाळामास्तरकी. गणिताबरोबर सुलेखन आणि व्यायामही शिकवावा लागे. १८५४ च्या लेखाने नाव झाले, १८५६ मध्ये बर्लिनचे बोलावणे आले. तो रेघांचा निबंध मात्र छापून निघाला १८९४ साली, त्यांच्या निधनाच्या तीनच वर्षे आधी.